हलक्या वल्ह्याचे दोन दावे

१२ फेब्रुवारी

धाकट्या,

‘प्रिय’ लिहायला हात धजला नाही, म्हणून नुसतंच धाकट्या.

काल तू आलास, आमच्या होडी क्लबच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभं राहून तुमच्या कंपनीच्या नव्या हलक्या वल्ह्यांवर पाऊण तास बोललास, चहा प्यायलास आणि गेलास. पाच वर्षांनी बहीणभाऊ समोरासमोर आले आणि तू मला ‘अध्यक्षा मॅडम’ म्हणालास. सगळे हसले. मीही हसले. सभेत चिडायचं नसतं हे मी कॉलेजातल्या पोरांना शिकवते, तेव्हा निदान चारचौघांत तरी पाळावं लागतं.

बोललास छान. वाक्य अर्ध्यात सोडायचं, पाण्याचा घोट घ्यायचा, समोरच्यांना थोडं ताटकळू द्यायचं आणि मग आकडा टाकायचा, हे तू कुठून उचललंस ते मला ठाऊक आहे. फरक इतकाच, की मी आकडा टाकते तेव्हा तो कुठून आणला तेही सांगते.

‘वेगात आठ टक्के वाढ. खांद्यावरचा ताण वीस टक्क्यांनी कमी.’ तुझ्या गुळगुळीत कागदावर दोन्ही ओळी एकाखाली एक आहेत, मागे निळंशार पाणी आणि सगळे दात दाखवणारी एक बाई. वल्हं हातात असताना इतकं हसता येतं हे मला पन्नाशीत कळलं.

काल गप्प बसले, आज विचारते. आठ टक्के वाढ कशापेक्षा? मोजलं कोणी? वल्ही बनवणाऱ्यानंच मोजलं असेल तर ते मोजणं नव्हे, ते आपल्या पोराचा पेपर आपणच तपासणं झालं. वल्हवणारे कोण होते? तुमच्या पगारावरचे, की आमच्यासारखे दिवसभर नोकरी करून संध्याकाळी होडीत बसणारे? आणि काल तू जे आम्हाला करून दाखवलंस, त्याला काय म्हणायचं? जुन्या वल्ह्यांची फेरी आधी, वाऱ्याच्या तोंडावर. नव्या वल्ह्यांची फेरी नंतर, वारा पाठीशी घेऊन. जुनी म्हणून तू उचललीस तीही कोपऱ्यातली, वार्निश उडालेली, पाणी पिऊन फुगलेली. या तलावावर लहानाचा मोठा झालेला माणूस वारा कुठून येतोय हे विसरतो, यावर मी विश्वास ठेवावा अशी तुझी अपेक्षा आहे का?

हे सगळं मी गिळलं असतं. विकणारा विकायलाच येतो. पण निघताना तू कपडे बदलायच्या खोलीबाहेर झिपरीला गाठलंस. झिपरी हे नाव तूच ठेवलेलं, आता बावीस वर्षांची झाली तरी सुटत नाही. गेल्या हंगामापासून तिचा उजवा खांदा धरतो, हे तुला कोणी सांगितलं मला माहीत नाही. तू तिला म्हणालास, “भाचे, या वल्ह्यानं तुझा खांदा वाचेल. मामा खोटं सांगेल का?”

पोरगी घरी आली ती उजळलेलं तोंड घेऊन. बरेच महिने मी ते तोंड तसं पाहिलं नव्हतं. म्हणून हे पत्र. ज्या माणसानं पाच वर्षांपूर्वी हंगामाच्या ऐन मध्यात आमच्या होडीतली चार माणसं उचलून आपल्या कंपनीच्या चमूत नेली, त्यानं माझ्या पोरीला आशा विकू नये. विकायचीच असेल तर आधी तपासून घ्यावी.

दहा वल्ही दोन महिने वापरायला ठेवून गेलास, ती आम्ही ठेवून घेतली आहेत. त्याला होकार समजू नकोस.

तुझी बहीण
(अध्यक्षा वगैरे)


३ मार्च

धाकट्या,

मी पत्र लिहायचं आणि तू उत्तर झिपरीच्या फोनवर धाडायचं, हा काय प्रकार आहे? ‘ताईला सांग, माझा कागद शास्त्रशुद्ध आहे.’ ताईला सांग म्हणे. ताईला डोळे आहेत, तिला वाचता येतं. हे परवा जेवताना म्हणाले, “तुम्ही दोघं भांडा, पण पोरीची टपालपेटी करू नका.” ते वर्षातून तीन वाक्यं बोलतात, त्यातलं एक खर्च झालं.

असो. चाचणी घेतली. तुझ्यासारखी नाही, माझ्यासारखी. जुनी वल्ही सुकवून, वार्निश देऊन घेतली. दोन खांबांमधलं अंतर जाऊन यायचं, म्हणजे वारा दोघांच्या वाट्याला सारखा. आधी जुनी, मग नवी, पुन्हा नवी, शेवटी जुनी, म्हणजे दमणंही सारखं. माणसं तीच, बाकं तीच. पहिल्या बाकावर झिपरी, कारण मागच्या सगळ्यांचे हात तिच्या हातांवर चालतात. होडीच्या शेपटाला मी, ठेका द्यायला. मी ‘हो’ म्हणायचं आणि दहा पाती एकदम पाण्यात बुडायची. बाबांच्या नंतर हे काम माझंच आहे, हे तुला सांगायला नको.

नवी वल्ही जिंकली. दोन्ही वेळा, आणि चांगल्या फरकानं. काठावर पोरं नाचली. आमचे खजिनदार, ज्यांच्या खिशातून एरवी दोरीचं वेटोळं निघत नाही, ते म्हणाले, “घेऊन टाकू.” झिपरी माझ्याकडे बघत होती. ते बघणं कळतं.

घरी आल्यावर ह्यांनी काठावरून घेतलेलं चित्रण लावलं. मी माझाच आवाज ऐकत होते. ह्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, “नव्या वल्ह्यांच्या वेळी तुला धाप का लागलीय?”

पुन्हा लावून ऐकलं. खरंच होतं. नवी वल्ही पाण्यात असताना माझे ‘हो’ एकमेकांच्या अंगावर पडत होते. का, ते कळायला वेळ लागला नाही. ठेका देणारा माणूस घड्याळाकडे बघत नाही, पाती पाण्याबाहेर निघताना बघतो. पाती हलकी, लवकर बाहेर येतात, डोळा पाहतो आणि घसा त्यांच्यामागे धावतो. म्हणजे होडी वल्ह्यांनी पळाली की माझ्या ओरडण्यानं, ते कुणालाच सांगता येणार नाही. विरोध माझा, सभेत तावातावानं बोलणारी मी, आणि माझाच घसा तुझ्या बाजूनं मत देऊन मोकळा. मला स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती. तुमच्या त्या टोपीवाल्याला तुम्ही ठेक्यासाठी सोबत का आणता तेही मग लक्षात आलं. त्या दिवशी आमच्या तलावावर नव्या वल्ह्यांच्या फेरीत तो ठेका ओरडत होता तेव्हा मला वाटलं होतं, बिचारा उत्साही आहे.

पुढच्या रविवारी मी घसा घरी ठेवला. कॉलेजातल्या संगीताच्या बाईंकडून ठोके देणारं यंत्र आणलं, त्याला कर्णा जोडला आणि माझ्या जागेवर बांधलं. खजिनदार म्हणाले, “बाई, इतकी वर्षं आम्हाला हे सुचलं कसं नाही? हे भाषणही करत नाही.” सगळे पोट धरून हसले. हसू देत.

ठोके सारखे ठेवले आणि तुझे आठ टक्के विरघळले. जुनी आणि नवी, दोन्ही वल्ह्यांना सारखाच वेळ लागला.

आता जे लिहिणार आहे ते लिहायचं नाही असं ठरवून दोनदा पेन खाली ठेवलं. पण ज्यानं दुसऱ्याकडे पुरावा मागितला त्याला हातात आलेला पुरावा लपवता येत नाही. त्या दिवशी नव्या वल्ह्यांनी झिपरीचा खांदा दुखला नाही. रात्री ती त्या कुशीवर झोपली. तुझी दुसरी ओळ खरी आहे. पहिली खोटी.

तुझी बहीण


२४ मार्च

धाकट्या,

शेवटी पत्र आलं. कंपनीच्या छापील कागदावर, वर बोधचिन्ह, खाली ‘आपला विश्वासू’. मी पाकीट उलटं करून बघितलं, आत कुठे तू आहेस का.

पण मुद्दा बरोबर आहे. तू लिहितोस, ‘ठेका बांधून ठेवला तर वेग वाढणार कसा? हलक्या वल्ह्याचा फायदाच हा, की ठेका जलद करता येतो. धावणाऱ्याला नवे बूट द्यायचे, पाय दोरीनं बांधायचे आणि म्हणायचं, बुटात काही दम नाही.’ वाचून मला राग आला, आणि रागावर उपाय म्हणून मी ते मोठ्यानं ह्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “बरोबर बोलतोय.” झालं, यंदाची तिन्ही वाक्यं संपली.

मान्य. माझी चाचणी स्वच्छ होती आणि तरीही एकांगी होती. मी तुझ्या वल्ह्याला जे येतं नेमकं तेच करू दिलं नाही. म्हणून तिसऱ्यांदा उतरलो. यंत्राचे ठोके वाढवत नेले. जुन्या वल्ह्यांनी एका मर्यादेपुढे दहांपैकी निम्म्यांचे हात मागे पडले, होडी खेकड्यासारखी तिरकी चालली. नव्यांनी आणखी कितीतरी पुढपर्यंत सगळे एकत्र राहिले. वेग वाढला. आठ नाही, पण सहा-सात टक्के भरला. त्या दिवशी मी तुझी मोठी बहीण असण्यापेक्षा तुझी गिऱ्हाईक असते, तर तिथल्या तिथे पैसे मोजले असते.

तिसऱ्या दिवशी झिपरी डाव्या हातानं जेवली.

मी विचारलं तर म्हणाली, “बघतेय, जमतं का.” चौथ्या दिवशी दाराचं कुलूप डाव्या हातानं उघडत होती आणि तिला ते येत नव्हतं. मी किल्ली काढून घेतली तेव्हा तिनं माझा हात झटकला, डाव्याच हातानं. मग हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या वल्हवण्यातलं काही जाणत नाहीत, पण खांदा जाणतात. त्यांनी सांगितलं ते साधं आहे. जुन्या, सावकाश ठेक्यावर हलकं वल्हं घेतलं तर ही मुलगी आणखी पुष्कळ वर्षं होडीत बसू शकेल. जलद ठेक्यावर वल्हं कितीही हलकं असो, खांद्यातला स्नायूचा दोर एका हंगामात तुटेल. मग होडी राहू द्या, तांब्याही उचलताना विचार करावा लागेल.

आता कळलं मला तुझं गौडबंगाल. त्यात खोटं काहीच नाही, हीच त्याची करामत. वेग वाढतो, खरं. ताण कमी होतो, तेही खरं. पण ज्या दिवशी वेग वाढतो त्या दिवशी ताण कमी होत नाही, आणि ज्या दिवशी ताण कमी होतो त्या दिवशी वेग वाढत नाही. दोन दिवसांची दोन सत्यं तू एका कागदावर शेजारी बसवलीस आणि वाचणाऱ्यानं त्यांचं लग्न लावलं. खोटं बोलणाऱ्याला पकडता येतं. खरं बोलून फसवणाऱ्याचं काय करायचं, ते इतकी पुस्तकं वाचून मला कोणी सांगितलेलं नाही.

एकच विचारते, आणि याचं उत्तर छापील कागदावर नको. त्या खोलीबाहेर झिपरीशी बोललास तेव्हा तुला हे माहीत होतं का?

ताई


७ एप्रिल

धाकट्या,

उत्तर नाही. बरं.

काल सभा झाली. तू झिपरीकडून ऐकलं असशीलच, पण तिनं तिची बाजू सांगितली असेल. ही माझी.

मी बोलले. आयुष्यात फार कमी वेळा इतकी चांगली बोलले असेन. सांगितलं की वल्ही चांगली आहेत, घ्या. पण घेताना ठरवा की आपण त्यांचा कोणता गुण विकत घेतोय. दोन्ही घेता येणार नाहीत. आपल्या दहांपैकी चौघांचे खांदे आजच कुरकुरतात. वल्ही घ्या आणि नियम करा की ठेका जुन्या मर्यादेपलीकडे जाणार नाही. विकणारा कधीच सांगत नाही की त्यानं मोजणी कोणत्या अवस्थेत केली, म्हणून ते विचारायची जबाबदारी घेणाऱ्याची. जो विचारत नाही तो फसवला जात नाही, तो फसण्यात भागीदार असतो. दोघातिघांनी माना डोलावल्या. मला वाटलं, जिंकले.

मग खजिनदार उठले. “म्हणजे नवी गाडी घ्यायची आणि दुसऱ्या गिअरच्या पुढं न्यायची नाही.”

एवढंच. माझ्या अर्ध्या तासाच्या भाषणावर हे एक वाक्य. खोली फुटली हसून. मीही हसले असते, पण पुढच्या रांगेत झिपरी दिसत होती, उठायच्या बेतात.

ती उभी राहिली. बोलायची सवय नाही तिला, माझ्या घरात राहून कुणाला लागणार? जॅकेटची चेन वरखाली करत म्हणाली, स्पर्धा अकरा दिवसांवर आहे, गेली तीन वर्षं आपण तिसरे येतो, आता पहिले येऊ शकतो आणि खांदा माझा आहे. मी म्हटलं, खांदा तुझा आहे म्हणूनच हे चाललंय. तेव्हा ती सरळ माझ्याकडे वळली.

“आई, तू माझ्या खांद्यासाठी भांडतेस की मामाशी?”

धाकट्या, मी आजवर कुणाला उत्तर दिलं नाही असं झालेलं नाही. विरोधकांना दिलं, प्राचार्यांना दिलं, एकदा तर मंत्र्याला दिलं. काल मी समोरचे कागद सारखे केले आणि म्हटलं, मतदान घ्या.

वल्ही घ्यायची ठरली. ठेक्यावर मर्यादा नाही. तुझा विक्रीचा आकडा एकानं वाढला, अभिनंदन. आणि ठेका मीच द्यायचा, कारण यंत्र स्पर्धेत चालत नाही. खजिनदारांनी जाताना मला बाजूला घेतलं, म्हणाले, “बाई, जलद द्यायचा नसेल तर आत्ताच सांगा, दुसरं माणूस बघतो.” मी म्हटलं, देईन.


१८ एप्रिल

धाकट्या,

स्पर्धा झाली. चौथे आलो. गेल्या तीन वर्षांतली सगळ्यात वाईट जागा.

हे तुझ्या वल्ह्यांचं कर्तृत्व. पुढच्या कागदावर छापून टाक, निळ्या पाण्यावर चांगलं उठून दिसेल.


२ मे

धाकट्या,

तू क्लबला पत्र पाठवलंस. छापील, विश्वासू. त्यात लिहिलंस की स्पर्धेचं चित्रण तुमच्या लोकांनी पाहिलं, वल्ही निर्दोष आहेत, ठेका मात्र ‘अपेक्षेपेक्षा बराच मंद’ होता. खजिनदारांनी ते फलकावर लावलं. वर लाल पेनानं काही लिहिलं नाही, ती त्यांची सभ्यता.

हो, मंद होता. मीच दिला.

मी पश्चात्तापाचं पत्र लिहीत नाहीये. सुरुवातीला मी जलदच दिला. शब्द दिला होता. पहिला खांब ओलांडला तेव्हा आपली होडी दुसरी होती. माझ्यासमोर दहा पाठी आणि सगळ्यात लांब, पहिल्या बाकावर, झिपरीची पाठ. पाठ बोलते हे तुला माहीत आहे, तूही शेपटाला बसला आहेस. वल्हं मागे ओढताना तिचा उजवा खांदा मानेकडे चढायला लागला, मग कमरेतून वळून ती त्याला वाचवायला लागली. मी ठेका उतरवला. थोडा, मग आणखी थोडा. मागच्या बाकावरचा ओरडला, “बाई, वाढवा.” मी ऐकलं नाही. शेजारून तिसरी होडी गेली, मग चौथी. काठावर लोक माझ्या नावानं काय बोलत होते ते पाण्यावर स्पष्ट ऐकू येत होतं.

मला पुन्हा तिथे बसवलं तर मी पुन्हा हेच करेन. पण दुसऱ्या दिवशी ‘तुझी वल्ही हरली’ असं तुला लिहिलं, ते करायला नको होतं. ती हरली नाहीत. मी त्यांना जिंकू दिलं नाही. मोजताना लबाडी केलीस म्हणून तुला फाडून खाल्लं आणि शेवटची मोजणी मीच नासवली. घे, हे तुला हातानं लिहून देते. हवं तर तेही छाप.

होडी काठाला लागली तेव्हा झिपरी सगळ्यांत शेवटी उतरली. मला वाटलं, ओरडेल. तिनं वल्हं माझ्या हातात दिलं, डाव्या हातानं, आणि इतरांना ऐकू येणार नाही अशा आवाजात म्हणाली, “सगळ्यांची स्पर्धा होती, आई. माझ्या एकटीची नव्हती.”

नऊ माणसं वर्षभर नोकरी करून रोज संध्याकाळी होडीत बसली होती. त्यांच्याबद्दल मी कुणाला विचारलं होतं?

अध्यक्षपद सोडलं. ठेकाही सोडला. झिपरी काल तुझ्याकडे आली, हे तुला लिहिणं हास्यास्पद आहे, तूच तिला एसटी स्टँडवर घ्यायला गेला असशील. तिच्या पिशवीत डाव्या खणात गोळ्या आहेत आणि शेकायची रबरी पिशवी. ती विसरली असं म्हणेल. विसरलेली नसते.

ताई


२१ मे

धाकट्या,

तुमचा नवा कागद क्लबात आला. खजिनदार घरी घेऊन आले, दारातच उभे राहिले. आत या म्हटलं तर म्हणाले, “नको. तुम्ही बघा आणि ठरवा.” पहिल्यांदाच त्यांनी मला टोमणा मारला नाही, त्यावरून कागदात काय असेल ते कळलं.

दात दाखवणारी बाई गेली, तिच्या जागी माझी पोरगी आली. ती हसत नाही, समोर बघतेय, हातात तुमचं ते हलकं, वाकड्या दांड्याचं वल्हं. खाली लिहिलंय, ‘खांद्यामुळे खेळ सुटण्याच्या बेतात होता. आज ती आमच्या चमूत पहिल्या बाकावर आहे.’ मी प्रत्येक शब्द तपासला. एकही खोटा नाही. आधी तू वल्ह्याबद्दल खरं बोलून फसवत होतास, आता माणसाबद्दल. ती पहिल्या बाकावर आहे, यात ती बरी आहे असं कुठेही म्हटलेलं नाही. वाचणारा ते स्वतःच्या मनानं जोडेल. त्याच्या घरातही कुणाचा तरी खांदा धरत असेल.

तू तिच्यावर जबरदस्ती केलीस असं मी म्हणत नाही. फोनवर ती म्हणाली, मामा रोज विचारतो दुखतंय का, मी नाही म्हणते. विचारतोस, एवढं ऐकून मला क्षणभर बरं वाटलं. मग वाटलं, तुला जे उत्तर हवं आहे तेच ती देते, हे तुला कळत नसेल का? सगळं आयुष्य तू लोकांना हवं ते ऐकवत आलास. दुसऱ्यानं तेच तुझ्याशी केलं तर ओळखता येऊ नये?

तर ऐक. येत्या रविवारी तुमच्याकडच्या तलावावर प्रात्यक्षिक आहे, पाच-सहा क्लबांची माणसं येणार आहेत. मी येतेय. झिपरीला कळवलंय. ती म्हणाली, ये, पण भाषण करू नकोस. करणार नाही. तू वाऱ्याच्या कोणत्याही दिशेनं होडी सोड, तुझा टोपीवाला घशाला कोरड पडेपर्यंत ओरडू दे, मी एक शब्द बोलणार नाही. फेरी संपली, होडी काठाला लागली, तू पाण्याचा घोट घेऊन तुझे आकडे सांगितलेस, की मग मी उभी राहीन आणि सगळ्यांसमोर तिला एवढंच सांगेन, की उजवा हात कोपरात न वाकवता वर कर, कानाला लागेपर्यंत. डॉक्टरीणबाईंनी हीच परीक्षा सांगितली आहे, खांदा बिघडला असेल तर अर्ध्या वाटेतच कळ येते. तिला यंत्र लागत नाही, खांब लागत नाहीत आणि ती कोणत्याही गिऱ्हाइकाला कळते.

ती हात वर करेल. खांद्यात काहीही होत असलं तरी करेल. पाच क्लब बघत असताना, मामाची इभ्रत पणाला लागलेली असताना आणि आई समोर उभी असताना ती हात खाली ठेवणारी नाही. तुझी भाची आहे आणि माझी मुलगी आहे, हट्ट दोन्हीकडून आलाय. लोक टाळ्या वाजवतील आणि बहुधा तुझी वल्ही विकली जातील.

पण हात वर जात असताना मी हाताकडे बघणार नाही. तिच्या तोंडाकडे बघणार आहे. तू तिच्या शेजारीच उभा असशील, मान वळवायचीच काय ती खोटी. त्या वेळी गिऱ्हाइकांकडे बघू नकोस. तिच्याकडे बघ, आणि मग दुसरी फेरी सोडायची की नाही ते तू ठरव.

ताई